रोगोत्तर परिचर्या

रोगोत्तर परिचर्या : आजाराची तीव्र अवस्था ओसरल्यानंतर रुग्ण पुन्हा स्वावलंबी होईपर्यंत, म्हणजे रुग्णालय व घर यांमधील संक्रमणकाळात, केली जाणारी शुश्रूषा. तीत जखमेची निगा, आहार, औषधोपचार, भौतिकी चिकित्सा व दैनंदिन हालचालींचा सराव यांचा अंतर्भाव होतो. पक्षाघात, अस्थिभंग व मोठ्या शस्त्रक्रिया यांनंतर तिची विशेष गरज भासते.

ही कल्पना प्राचीन आहे. आयुर्वेदात शोधनकर्मानंतर पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने आहार वाढविण्यास संसर्जनक्रम म्हणतात. मंदावलेला अग्नी हळूहळू पूर्ववत व्हावा, हा त्यामागील हेतू होय. यूरोपात फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांनी बऱ्या होत असलेल्या रुग्णांसाठी घरासारखी स्वतंत्र आरोग्यधामे असावीत, असे प्रतिपादन केले.

महाराष्ट्रात अशा संस्था मुख्यतः युद्ध व दीर्घकालीन रोग यांच्या निमित्ताने उभ्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी तांत्रिक विद्यालय निघाले. ते पुढे खडकीस हलविण्यात आले. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, तर मुंबईतील अखिल भारतीय भौतिकी चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. क्षयरोग्यांसाठी पाचगणी, मिरज इ. ठिकाणी आरोग्यधामे होती. तथापि घरी राहून घेतलेले औषधोपचारही तितकेच गुणकारी ठरतात, असे मद्रास येथील अभ्यासातून १९५९ मध्ये दिसून आल्यावर त्यांचे महत्त्व ओसरले. त्यांच्याबरोबर विश्रांती, आहार व देखरेख यांची एकत्रित व्यवस्थाही मागे पडली.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न निराळ्या स्वरूपात आढळतो. गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाले, त्यामुळे तीव्र आजारावरील उपचार जवळ आले. परंतु देवरी, सालेकसा व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील वनव्याप्त भागांतील रुग्णाची पुढील शुश्रूषा बहुतांशी कुटुंबालाच करावी लागते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरातील सर्वजण बांधीत असतात. अशा वेळी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस वेळोवेळी बदलली न गेल्यास शय्याव्रण होतात आणि सराव खंडित झाल्यास सांधे आखडतात. रुग्णालयात वाचलेले आयुष्य अशा प्रकारे परावलंबी होण्याचा धोका असतो.

यावरील एक उपाय शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध झाला. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तिच्यामुळे नवजात मृत्युमान सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट झाली. तदनुसार रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्ती ४२ दिवसांत सहा भेटी देते. रुग्णालयाची देखरेख घराच्या उंबरठ्यापर्यंत नेता येते, हे या अनुभवावरून स्पष्ट होते. पक्षाघात व अस्थिभंग यांच्या रुग्णांनाही अशाच ठरावीक भेटींची व कुटुंबीयांना शुश्रूषेचे शिक्षण देण्याची आवश्यकता आहे.