विद्युतपुरवठ्यातील दोषनिवारण आणि इलेक्ट्रॉनिक स्विच : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विद्युतशक्तीचा इतिहास बहुधा निर्मितीच्या अंगाने लिहिला जातो. धरणे, जनित्रे आणि उच्चदाब वाहिन्या यांची वर्णने त्यात विस्ताराने येतात. मात्र वाहता प्रवाह योग्य क्षणी थांबविणाऱ्या साधनांचा विचार क्वचितच होतो. वाहिनीच्या तारा एकमेकींस किंवा जमिनीस टेकल्या की नेहमीच्या कित्येक पट प्रवाह वाहू लागतो. यालाच 'दोष' असे म्हणतात. तो त्वरित तोडला नाही तर यंत्रसामग्री जळते आणि संपूर्ण जाळे कोलमडू शकते. प्रस्तुत निबंधात फ्यूजपासून इलेक्ट्रॉनिक स्विचपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेतला असून, भारतातील २०१२ च्या वीजसंकटाच्या आधारे या साधनांचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत.

यांत्रिक साधनांचा काळ :

थॉमस एडिसन यांनी १८७९ मधील एका पेटंट अर्जात प्रवाह आपोआप तोडणाऱ्या साधनाची कल्पना मांडली होती. तथापि, १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांनी सुरू केलेल्या पुरवठ्यात भिस्त होती ती वितळणाऱ्या तारेच्या फ्यूजवर. फ्यूज स्वतः नष्ट होऊन संरक्षण देतो. त्यामुळे वाढत्या दाबाच्या जाळ्यांस पुन्हा पुन्हा वापरता येणारे सर्किट ब्रेकर आवश्यक ठरले. विसाव्या शतकाच्या आरंभी तेलात बुडविलेले ब्रेकर वापरात आले.

या ब्रेकरच्या यशामागे निसर्गाचे एक साहाय्य होते. स्विचचे संपर्क विलग होताच त्यांच्यामध्ये तप्त वायूची ज्योत पेटते आणि प्रवाह तिच्यातून वाहतच राहतो. प्रत्यावर्ती प्रवाह ५० हर्ट्झ वारंवारतेस दर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी ज्योत क्षीण होते आणि ब्रेकर तिला पुन्हा पेटू देत नाही. एकदिश प्रवाहास असा शून्यक्षण नाही. विसाव्या शतकातील जाळी प्रत्यावर्ती प्रवाहावर उभी राहिली, त्याचे मुख्य कारण रोहित्राची सोय हे होते. परंतु प्रवाह तोडण्यातील ही सुलभताही त्या व्यवस्थेस बळ देणारी ठरली, हे विसरता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक झडपेचा उदय :

हलणाऱ्या भागांविना प्रवाहावर नियंत्रण ठेवण्याचा मार्ग प्रथम पाऱ्याच्या वाफेने दाखविला. पीटर कूपर ह्युइट यांच्या १९०२ च्या शोधानंतर स्वीडनमधील उनो लाम यांनी उच्च दाबास टिकणारी पाऱ्याची झडप विकसित केली आणि १९५४ मध्ये गॉटलंड बेटास २० मेगावॅट क्षमतेचा एकदिश पुरवठा सुरू झाला. वाहिनीवर दोष उद्भवल्यास झडपांचे नियंत्रण बदलून प्रवाह शून्यावर आणता येऊ लागला. तोडण्याचे काम प्रथमच धातूच्या संपर्काकडून संकेताकडे आले.

१९५७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर हा अर्धसंवाहक स्विच तयार झाला. १९७२ मध्ये कॅनडातील ईल रिव्हर येथे संपूर्णपणे थायरिस्टरवर आधारित केंद्र कार्यान्वित झाले. थायरिस्टर संकेताने सुरू करता येतो. मात्र बंद होण्यासाठी प्रवाह शून्यावर यावा लागतो. ही उणीव आयजीबीटीने दूर केली. १९८० च्या दशकातील त्याच्या विकासात भारतात जन्मलेले अभियंते बी. जयंत बलिगा यांचा मोठा वाटा आहे.

तरीही अर्धसंवाहकातून सतत प्रवाह वाहू दिल्यास शक्तीचा अपव्यय होतो. एबीबी कंपनीने २०१२ मध्ये जाहीर केलेल्या संमिश्र ब्रेकरने यावर तोडगा काढला. एरवी प्रवाह यांत्रिक मार्गाने जातो. दोष येताच तो अर्धसंवाहकांच्या मार्गाकडे वळवून सुमारे ५ मिलिसेकंदांत तोडला जातो. चीनमधील झांगबेई येथील २०२० च्या एकदिश जाळ्यात असे वेगवान ब्रेकर प्रत्यक्ष वापरले गेले.

भारतीय अनुभव :

भारतात विंध्याचल येथे १९८९ मध्ये उत्तर व पश्चिम विभाग थायरिस्टर झडपांनी जोडले गेले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील केंद्राने पश्चिम व दक्षिण विभाग जोडले. अशा जोडणीतून वीज जाते, परंतु एका बाजूच्या वारंवारतेतील बिघाड थेट दुसरीकडे पसरत नाही.

याची कसोटी ३० व ३१ जुलै २०१२ रोजी लागली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य विभाग अंधारात गेले. सुमारे ६० कोटी लोकसंख्येच्या प्रदेशास त्याची झळ पोहोचली. दक्षिण विभाग मात्र तगला. तो उर्वरित जाळ्याशी केवळ एकदिश दुव्यांनी जोडलेला होता. विशेष म्हणजे, चौकशी समितीस जाळ्यात प्रत्यक्ष दोष आढळला नाही. बिना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभारित झाली होती. तो भारच दूरच्या दोषासारखा भासून संरक्षक रिलेने ती तोडली. साधन नादुरुस्त नव्हते. त्याने नेमून दिलेल्या मर्यादेनुसारच काम केले.

पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिण विभागही समान वारंवारतेच्या राष्ट्रीय जाळ्यात आला. विजेच्या देवाणघेवाणीस त्यामुळे वाव मिळाला. परंतु २०१२ मध्ये उपयोगी पडलेला आडोसा उरला नाही.

निष्कर्ष :

दोषनिवारणाचा इतिहास हा केवळ वाढत्या वेगाचा इतिहास नाही. फ्यूज उष्णतेने वितळतो, यांत्रिक ब्रेकर शून्यक्षणाची वाट पाहतो, तर इलेक्ट्रॉनिक स्विच आज्ञेची वाट पाहतो. स्विच जितका जलद, तितकी चुकीची आज्ञाही जलद अमलात येते आणि मानवी फेरविचारास अवधी उरत नाही. म्हणून काय तोडावे, केव्हा तोडावे आणि कोणता भाग वेगळा राखावा, हा निर्णय आधीच, शांतपणे घ्यावा लागतो. या निर्णयावर कोणाच्या घरी अंधार होणार हे अवलंबून असल्याने तो केवळ तांत्रिक नसून सामाजिकही आहे.