देसाईगंजचे पोलीस ठाणे आणि कलम ११४-अ

२६ मार्च १९७२. चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज (आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे). एक अनाथ आदिवासी मुलगी, वय १४ ते १६च्या दरम्यान, रात्री पोलीस ठाण्यात आली होती. तिला फूस लावून नेल्याची तक्रार तिच्याच भावाने दिली होती. जबाब झाले, इतरांना जायला सांगण्यात आले; मुलीला मात्र थांबवून घेतले. ठाण्याचे दार बंद झाले, दिवे मालवले गेले. एका शिपायाने तिला मागच्या शौचालयाकडे नेऊन बलात्कार केला आणि दारूच्या नशेतील हेड कॉन्स्टेबलने नंतर अंगलट केली, अशी फिर्याद होती. नातेवाईक बाहेरच उभे होते.

१९७४मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. मुलीला पूर्वी शरीरसंबंधाची सवय होती, म्हणून संमती असणार, असा तर्क होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६मध्ये तो उलटवला. वर्दीतील अनोळखी माणसांपुढे निमूटपणे झुकणे म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचे सार. शिपायाला पाच वर्षे, हेड कॉन्स्टेबलला एक वर्ष.

सर्वोच्च न्यायालयात ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने खटला गेला आणि सप्टेंबर १९७८मध्ये दोघेही सुटले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, सोबतच्यांपासून दूर नेताना प्रतिकार नाही. मग भीतीपोटी ती गप्प राहिली हे सिद्ध होत नाही, असे न्यायालयास वाटले. पोलीस ठाण्यात, रात्री, दार लावून घेतल्यावर ओरडून कोणाला बोलवायचे, हा प्रश्न निकालाने फारसा विचारलाच नाही.

निकाल जवळजवळ वर्षभर फायलींत पडून राहिला. मग १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार कायदे-अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतील फरक त्यांनी न्यायालयापुढे पुन्हा मांडला. देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला कायद्याच्या प्राध्यापकांनी जाहीरपणे असे सुनावणे त्या काळी नवलाचेच होते. १९८०च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. ८ मार्चला अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या.

विधी आयोगाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये ८४वा अहवाल दिला, ऑगस्टमध्ये विधेयक आले आणि ते संयुक्त समितीकडे गेले. कायदा व्हायला मात्र डिसेंबर १९८३ उजाडला.

या दुरुस्तीत भर होता तो कोठडीवर. पोलीस, लोकसेवक, तुरुंग वा रुग्णालयाचे कर्मचारी यांनी ताब्यातील स्त्रीवर बलात्कार केल्यास किमान दहा वर्षे. इतर प्रकरणांत साधारणतः सात. विशेष कारणे नोंदवून त्याहून कमी शिक्षा देण्याची वाट न्यायाधीशांसाठी उघडीच राहिली. सुनावणी बंद दालनात घेण्याची तरतूद झाली आणि पीडितेची ओळख छापणे गुन्हा ठरले. हा खटला मात्र तोवर देशभर त्या मुलीच्याच नावाने ओळखला जाऊ लागला होता.

खरी कलाटणी पुरावा कायद्यात होती. नव्या कलम ११४-अ नुसार, कोठडीसारख्या प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हतीच असे गृहीत धरायचे. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. देसाईगंजच्या मुलीला जखमांचा पुरावा मागितला गेला. या कलमानंतर तशा साक्षीदार स्त्रीचा शब्द पुरेसा आरंभ ठरणार होता.

पण त्याच कायद्यातील कलम १५५ (४) जागेवरच राहिले. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘अनैतिक’ वर्तनाची आहे हे दाखवून तिची साक्ष खिळखिळी करण्याची मुभा ते देत होते. सत्र न्यायालयाच्या तर्काची मुळे याच विचारात होती. ते वगळायला २००२ची दुरुस्ती लागली. विनयभंगाच्या कलम ३५४ची कमाल शिक्षा तर २०१३पर्यंत दोन वर्षेच होती.

जुलै २०२४पासून हे आकडे इतिहासजमा झाले. ११४-अ चा आशय आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२०मध्ये आहे. नवी शिक्षा जुन्या गुन्ह्याला लावता येत नाही. देसाईगंजचे दोघे निर्दोषच राहिले.