रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे, मग पालेभाजी बंद करायची का?

हृदयात धातूची कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाला वॉरफेरिन किंवा असिनोकुमॅरॉलची गोळी बहुतेक वेळा आयुष्यभर घ्यावी लागते. गोळी सुरू झाली की शेजारीपाजारी आणि नातेवाईक एक सल्ला हमखास देतात, 'पालेभाज्या बंद करा.' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

या गोळीने रक्त खरं तर पातळ होत नाही. रक्त गोठवणारे काही घटक तयार करताना यकृताला व्हिटॅमिन के लागतं. गोळी नेमकं तेच काम अडवते, म्हणून रक्त गोठायला जास्त वेळ लागतो. हे प्रमाण आयएनआर या चाचणीतून कळतं. बऱ्याच रुग्णांत हा आकडा 2 ते 3 दरम्यान ठेवतात, काही झडपांसाठी थोडा वर. तो घसरला तर झडपेवर गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो आणि फार वाढला तर रक्तस्रावाचा.

100 ग्रॅम पालकात सुमारे 480 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, तेवढ्याच कोबीत 75 च्या आसपास. पण डॉक्टर डोस ठरवतात तो रुग्णाच्या नेहमीच्या जेवणावर. अडचण येते ती जेवण अचानक बदललं की. रोज पालेभाजी खाणाऱ्याने नवरात्रात नऊ दिवस फक्त साबुदाणा-बटाटा खाल्ला, तर आयएनआर वाढू शकतो. उलट, कधीच न खाणाऱ्याने रोज पालकाचा ज्यूस सुरू केला, तर तो घसरतो. एखाद्या दिवशी ऋषीपंचमीची भाजी खाल्ल्याने सहसा बिघडत नाही.

'नैसर्गिक' कॅप्सूल

फोडणीतल्या हळदीची काळजी नको. हळदीचा अर्क, लसूण, गिंको यांच्या कॅप्सूलमध्ये मात्र प्रमाण कितीतरी जास्त असतं आणि त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर व्हिटॅमिन के आहे का, तेही पाहावं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर सगळ्यात आधी टाळावी. अँटिबायोटिक सुरू झालं, तर आयएनआर लवकर तपासायचा का, हे डॉक्टरांना विचारावं.

अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान ही नवी औषधं व्हिटॅमिन केवर अवलंबून नाहीत, त्यामुळे पालकाचं पथ्य नसतं. पण धातूच्या झडपेसाठी ती चालत नाहीत.

काळी शौच, लघवीतून रक्त, न थांबणारा घोणा किंवा डोक्याला मार, यांपैकी काहीही झालं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठावं.