इंद्रलाल रॉय : चौदा दिवसांचा पराक्रम

पहिल्या महायुद्धांतील वैमानिक म्हटले कीं जर्मनीचा रिश्टहोफेन किंवा फ्रान्सचा गिनमेर आठवतो. त्याच आकाशांत एका बंगाली तरुणानें दहा विजय मिळविले, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें.

इंद्रलाल रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजीं कलकत्त्यास झाला. वडील बॅरिस्टर, आई ललिताबाई लंडनमध्यें स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झटल्या. मुलाचें शिक्षण तेथील सेंट पॉल्स शाळेंत झालें. दृष्टि अधू म्हणून विमानदळानें प्रथम त्यांस नाकारलें. तेव्हां मोटारसायकल विकून त्यांनीं नामांकित नेत्रवैद्याकडून डोळे तपासून घेतले, असें सांगतात. एप्रिल १९१७ मध्यें त्यांस प्रवेश मिळाला.

त्याच वर्षीं ६ डिसेंबरला फ्रान्समध्यें त्यांचें विमान कोसळलें. मृत समजून त्यांना प्रेतगृहांत ठेवलें आणि शुद्धीवर येतांच त्यांनीं आंतून दार ठोठावलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तिला थोडें तिखटमीठ लागलेलें असेलहि. परंतु दुखापत खरी होती. विश्रांतीच्या काळांत त्यांनीं विमानांचीं चित्रें काढलीं. तीं पाहतांना एखाद्या शाळकरी मुलाची वही उघडल्यासारखें वाटतें.

जून १९१८ मध्यें ते चाळिसाव्या तुकडींत, मॅकेलरॉय या आयरिश नायकाच्या हाताखालीं, रुजू झाले. ६ जुलैला पहिला विजय, ८ जुलैला एकाच दिवशीं तीन, आणि १९ जुलैला दहावा! यांतील दोन विजय सहकाऱ्यांसमवेत मिळविलेले. परतंत्र देशाच्या पुत्रानें राज्यकर्त्यांच्या युद्धांत प्राण कां पणास लावावे, असा प्रश्न मनांत येतोच. पण हिंदी माणसास अधिकारपदाची सनद क्वचित् मिळे अशा त्या काळीं, बरोबरीच्या नात्यानें लढण्याची संधि त्यांस तेथें लाभली. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हेहि त्याच दळांत होते. जून १९१८ मध्यें तेहि शत्रूच्या प्रदेशांत पडले.

२२ जुलै रोजीं कार्व्हँ गांवावर जर्मन फोकर विमानांशीं झालेल्या झुंजींत इंद्रलालांचें विमान पेटून खालीं आलें. वय अवघें एकोणीस! रिश्टहोफेननें त्यांच्यासाठीं आकाशांतून पुष्पचक्र टाकलें, अशी एक गोड आख्यायिका ऐकूं येते. पण तो स्वतः २१ एप्रिललाच मारला गेला होता! मॅकेलरॉयहि पुढें नऊच दिवसांनीं पडले.

सप्टेंबरमध्यें डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हें पदक इंद्रलालांस मरणोत्तर जाहीर झालें; तें मिळविणारे ते पहिले हिंदी. त्यांची समाधि उत्तर फ्रान्समधील एस्तव्हेल या लहानशा गांवाच्या स्मशानभूमींत आहे. तिच्या शिळेवर बंगाली अक्षरें कोरलेलीं आहेत.