उमरखाडीपासून इतवाऱ्यापर्यंत

मुंबईत डोंगरीच्या उमरखाडीला मुलांचे निरीक्षणगृह आहे. जुनी माणसे अजून त्याला रिमांड होमच म्हणतात. ही जागा मुळात तुरुंगाची. १८८२ साली कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात बदनामीबद्दल शिक्षा झाली, तेव्हा टिळक आणि आगरकर याच डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. पुढे चाळीसेक वर्षांनी मुलांना कैद्यांपासून वेगळे ठेवायचे ठरले, आणि त्यांच्यासाठी हीच तुरुंगाची जागा वापरात आली. सुरुवातच अशी झाल्यामुळे असेल, पण पुढची बरीच वर्षे विचार चालला तो मुलाला कोणत्या भिंतीआड ठेवावे एवढाच. भिंतीआड ठेवायचेच कशाला, हा प्रश्न फार उशिरा आला.

त्याआधीचे प्रयत्न थोडक्यात सांगतो. १८५० च्या कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या निराधार आणि किरकोळ गुन्हे केलेल्या मुलांना कारागिरांच्या हाताखाली कामाला लावता येऊ लागले. १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची उद्योगशाळा मुंबईत उभी राहिली. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले. पण न्यायालय मोठ्यांचेच होते. मुलासाठी न्यायालयच वेगळे हवे, हा विचार आपल्याकडे रुजला तो १९१९-२० च्या तुरुंग समितीनंतर. मद्रासचा बाल कायदा १९२० चा, बंगालचा १९२२ चा, मुंबईचा १९२४ चा. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुंबईत बाल न्यायालय सुरू झाले.

या साऱ्यात खरी नवी व्यक्ती होती परिवीक्षा अधिकारी. मुलाच्या घरी जायचे, बाप काय करतो, शाळा कधी आणि का सुटली, घरात कोण दारू पितो, हे विचारून न्यायाधीशापुढे ठेवायचे, असे हे काम. १९३६ मध्ये मुंबईत निघालेल्या टाटांच्या समाजकार्याच्या शाळेने अशी माणसे घडवायला घेतली. याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगात, पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत समाजकार्यकर्ते पाठवतो आहे. माझ्या मते या शंभर वर्षांतली सर्वांत मोलाची कमाई ही घरी जाऊन चौकशी करणारी माणसेच आहेत. तरी खर्चात कपात करायची वेळ आली की आधी त्यांचीच पदे रिकामी राहतात.

आता आपल्या बुऱ्हाणपूरकडे येतो. हे गाव तेव्हा मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते, त्यामुळे इथे मुंबईचा कायदा नव्हता. मध्य प्रांताचा स्वतःचा बाल कायदा १९२८ चा, आणि मध्य प्रदेश झाल्यावरचा बाल अधिनियम १९७० चा. मुंबईच्या कायद्याखालचे रावेर तासाभराच्या अंतरावर, बोली एक, सोयरीक एक. पण एकाच वयाची दोन मुले एकाच गुन्ह्यात सापडली, तर तापीच्या खोऱ्यातल्या या दोन गावांत त्यांना दोन निराळे कायदे लागत. पत्रकार शीला बर्से तुरुंगातल्या मुलांचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली जम्मू-काश्मीर सोडून साऱ्या देशासाठी एक कायदा आला. मग २००० चा, आणि आता २०१५ चा. १५ ऑगस्ट २००३ ला बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला, आणि प्रत्येक जिल्ह्याला निदान एक बाल न्याय मंडळ हवे असे कायदाच सांगतो.

२०१५ च्या कायद्याची चर्चा सोळा ते अठरा वयाच्या मुलांच्या निर्घृण गुन्ह्यांभोवतीच फिरली. त्यातले तिसरे कलम मात्र कुणी फारसे वाचत नाही. मुलाच्या किंवा समाजाच्या हितासाठी अगदी गरज नसेल तर न्यायालयीन कारवाईशिवायच मार्ग काढावा, असे तत्त्व तिथे स्पष्ट लिहिले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांत हेच आहे. न्यूझीलंडने १९८९ मध्ये तर मुलाचे कुटुंब आणि ज्याचे नुकसान झाले तो, दोघांना समोरासमोर बसवायची पद्धतच कायद्यात आणली.

आपल्याकडे हे कसे चालावे? समजा, बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात बाजाराच्या गर्दीत पंधरा वर्षांच्या मुलाने कुणाचा मोबाइल उचलला आणि तो पकडला गेला. साध्या चोरीला पहिल्या खेपेस जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांची, म्हणजे कायद्याच्या भाषेत हा क्षुल्लक गुन्हा. २०१६ च्या केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे अशा मुलावर एफआयआर होत नाही. सोबत कुणी मोठा माणूस गुन्ह्यात असेल तरच गोष्ट वेगळी. एरवी रोजनामच्यात नोंद करायची आणि एक अहवाल भरायचा. त्यात घरची माणसे, शाळा सोडल्याचे कारण, मूल कामाला जाते का, त्याच्यावर अत्याचार झाला आहे का, कुणी मोठा त्याच्याकडून हे करवून घेतो का, असे रकाने आहेत. बेडी घालायची नाही, कोठडीत ठेवायचे नाही. आईबापांना मंडळाची तारीख सांगायची आणि मुलाला त्यांच्यासोबत घरी जाऊ द्यायचे.

मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यांत एक तरी स्त्री. खोली कोर्टासारखी दिसता कामा नये. उंच चौथरा नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवा, परिवीक्षा असे मार्ग मंडळाकडे आहेत. अशा किरकोळ प्रकरणात चौकशी चार महिन्यांत, आणि मुदत वाढवली तरी आणखी दोन महिन्यांत संपली नाही, तर प्रकरणच बंद होते.

प्रत्यक्षात दोन टोके जास्त दिसतात. एक तर दोन थपडा मारून सोडून द्यायचे, नाहीतर वय अठरा लिहून मोठ्यांत घालायचे. पहिल्याला लोक दया समजतात, पण तिथेही मुलाने मोबाइल का उचलला हे कुणीच विचारलेले नसते. तो अहवाल कोराच राहतो आणि मूल पुन्हा त्याच वाटेला जाते.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण अभियंते गेले. दोघेही मध्य प्रदेशातले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, आणि देश संतापला. संताप रास्त होता. पण तेव्हापासून समुपदेशन म्हटले की लोक निबंधच काढतात. दोन जीव जाणे आणि एक मोबाइल उचलणे यांना एका मापाने मोजले, तर त्याची झळ बसेल ती बुऱ्हाणपुरातल्या लूमवर बॉबिन भरणाऱ्याच्या मुलाला.

म्हणून इतवाऱ्यातल्या आणि आसपासच्या वाचकांना सांगणे आहे. मोहल्ल्यातले मूल ठाण्यात गेले, तर सोबत जा. शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला न्या. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याची मागणी करा आणि रोजनामच्यात नोंद झाली का ते विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो. मुलाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. त्याची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.