पुरावा कोणी आणायचा? विम्याच्या कागदाचा इतिहास



आजचा विषय ठरला तेव्हा आम्ही आयोजकांना एक विनंती केली होती. नुसतं 'विम्याचा इतिहास' म्हटलं तर लोक घरी बसतील. त्यापेक्षा श्रोत्यांना आधी विचारा, की बाबांनो, विम्याचा तुमचा अनुभव काय? चिठ्ठ्या आल्या. काल रात्री त्या सगळ्या वाचल्या. नाशिकरोड, सिडको, सिन्नर, निफाड, सगळीकडून एकच सूर. "हप्ते वेळेवर भरले, आजारपण आलं तेव्हा म्हणाले, हा आजार तुम्हाला आधीपासूनच होता." "पॉलिसी पाच लाखांची, बिल दोन लाखांचं, हातात आले एक लाख वीस हजार." "नॉमिनी मी, पण दीर म्हणतात पैशांत आमचाही वाटा." आणि एक चिठ्ठी अशी: "वडील विहिरीवर मोटार चालू करताना शॉक लागून गेले. अजून कागद कोणते लागतात तेवढं सांगा, आम्ही दमलो."

आम्ही वकील नाही, एजंट तर नाहीच. इतिहासाच्या वाटेनं आलेली माणसं आहोत. पण चिठ्ठ्या वाचताना जाणवलं, की वरवर ही भांडणं पैशाची दिसतात, मुळात ती पुराव्याची आहेत. माणूस खरं बोलला होता की खोटं, हे कोणी सिद्ध करायचं? कंपनीनं, की घरात मागं राहिलेल्या बाईनं? आज आपण या एका प्रश्नाचाच माग काढू.

विमा हा शब्द फारसीतून आलेला, 'बीम' म्हणजे भीती. आपल्याकडे व्यापाऱ्यांमध्ये जोखमी हुंडी नावाचा प्रकार होता. माल सुखरूप पोचला तर हुंडीचे पैसे द्यायचे, गलबत बुडालं तर हुंडी रद्द. म्हणजे हुंडीतच विमा. तिथं पुराव्याचा फारसा घोळ नसे, कारण देणारा-घेणारा एकाच पेठेतले, एकमेकांची सात पिढ्यांची माहिती असलेले.

आजच्या विम्याचा नियम मात्र दुसरीकडून आला. १७६६ साली लंडनच्या न्यायालयात एक दावा चालला. सुमात्रा बेटावरच्या एका इंग्रजी किल्ल्याच्या गव्हर्नरानं, किल्ला शत्रूनं घेतला तर भरपाई मिळावी म्हणून विमा उतरवला होता. किल्ला फ्रेंचांनी घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे तुम्ही मला सांगितलंच नाही. लॉर्ड मॅन्सफिल्ड या न्यायाधीशानं तेव्हा सांगितलेलं तत्त्व आजही प्रत्येक पॉलिसीच्या मुळाशी आहे: विमा घेणाऱ्यानं आपल्याला ठाऊक असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट आपणहून सांगितली पाहिजे. मराठीत याला परम सद्भावाचं तत्त्व म्हणतात.

आता यातली गंमत बघा. तो दावा जिंकला कोण? विमा घेणारा! मॅन्सफिल्ड म्हणाला, हे बंधन दोन्ही बाजूंना आहे, आणि विमा देणाऱ्याला जे माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं, त्याबद्दल त्याला नंतर तक्रार करता येणार नाही. पुढं दोनशे वर्षं नियमाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहिला, दुसरा अर्धा विसरला गेला. आणि दर्यावर्दी व्यापाऱ्यासाठी केलेला हा नियम सिन्नरच्या बिडी कामगाराला लागू झाला, ज्याचा फॉर्म एजंटानं इंग्रजीत भरला आणि ज्यानं "इथं सही करा" म्हटल्यावर सही केली.

हिंदुस्थानात आयुर्विमा आला १८१८ साली, कलकत्त्याच्या ओरिएंटल कंपनीबरोबर. तो होता साहेबांसाठी. पुढे हिंदी माणसाला पॉलिसी मिळू लागली, पण जादा हप्ता घेऊन. हिंदी माणूस लवकर मरतो हे कंपन्यांनी धरूनच चाललेलं! म्हणजे पुराव्याचं ओझं इथं आपल्या आयुष्यावरच टाकलेलं होतं. हे मोडलं मुंबईनं. १८७० साली बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅशुरन्स सोसायटी निघाली आणि तिनं हिंदी माणसाला सर्वसाधारण दरानं विमा दिला. मग १८७४ मध्ये मुंबईतच ओरिएंटल गव्हर्न्मेंट सिक्युरिटी निघाली. स्वदेशीच्या लाटेनंतर तर गावोगाव कंपन्या झाल्या. साताऱ्याला १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत तिचा एखादा कागद सापडला तर जपून ठेवा.

कंपन्या वाढल्या तशा तक्रारीही वाढल्या. माणूस दहा-वीस वर्षं हप्ते भरतो, मरतो, आणि मग कंपनी जुना फॉर्म काढून म्हणते, याला दमा होता, हे लिहिलं नव्हतं. ज्याला उत्तर देता आलं असतं तो तर गेलेला. यावर उपाय आला १९३८ च्या विमा कायद्यात, कलम ४५. पॉलिसीला दोन वर्षं झाली की नुसतं "माहिती चुकीची होती" म्हणून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. माहिती महत्त्वाची होती, ती फसवणुकीच्या हेतूनं दिली होती आणि ती खोटी असल्याचं विमेदाराला ठाऊक होतं, हे सगळं कंपनीनं सिद्ध करायचं. पुराव्याचं ओझं पहिल्यांदा कायद्यानं कंपनीच्या खांद्यावर ठेवलं.

आता १९५६ कडे येऊ. १९ जानेवारीला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. आपले रायगड जिल्ह्यातले देशमुख! कारण गंभीर होतं. त्यांनी संसदेत दिलेल्या हिशोबाप्रमाणे आधीच्या दहा वर्षांत २५ आयुर्विमा कंपन्या बुडाल्या होत्या, आणि आणखी २५ कंपन्यांचा कारभार विमेदारांना तोशीस लावून दुसऱ्यांकडे सोपवावा लागला होता. १५४ हिंदी कंपन्या, १६ परदेशी आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या, असे एकूण २४५ कारभार एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी सुरू झाली. देशमुख मात्र तेव्हा मंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता.

एलआयसी कायद्याच्या ३७ व्या कलमानं पॉलिसीच्या रकमेला सरकारची हमी मिळाली. कंपनी बुडण्याची भीती गेली. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. १९५७ साली एलआयसीनं हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले आणि गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली. बाहेरच्या गर्दीला ऐकू जावं म्हणून कर्णे लावले होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावं लागलं. विमेदारांच्या पैशाचा जाब भर चौकात विचारता येतो, हे देशानं पाहिलं.

पण मंडळी, हे सगळं झालं पैसा सुरक्षित ठेवण्याबद्दल. क्लेम मागायला आलेल्या माणसाला कोण विचारत होतं? त्यासाठी आणखी तीस वर्षं लागली. पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. योगायोग असा, की त्याच १९८६ साली सरकारी कंपन्यांनी 'मेडिक्लेम' बाजारात आणला. रोग आणि औषध एकाच वर्षी आले, असं आम्ही थट्टेनं म्हणतो.

आता पहिली चिठ्ठी: "आजार आधीपासून होता." कलम ४५ आयुर्विम्यासाठी आहे, मेडिक्लेमला ते लागू नाही. म्हणून इथं हा वाद फार वर्षं मोकाट चालला. २०२० पासून नियम आला, की आठ वर्षं सलग पॉलिसी चालली तर सिद्ध झालेली फसवणूक सोडता जुन्या माहितीवरून क्लेम नाकारायचा नाही. २०२४ मध्ये ती मुदत पाच वर्षांवर आली, आणि जुन्या आजारासाठी थांबायची मुदतही जास्तीत जास्त तीन वर्षं झाली. आणखी एक लक्षात ठेवा. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढं एक प्रकरण आलं होतं. माणसानं पाठीच्या दुखण्याची माहिती दिली नव्हती आणि तो गेला हृदयविकारानं. न्यायालयानं सांगितलं, ज्या दुखण्याचा मृत्यूशी संबंध नाही आणि ज्यानं जिवाला धोका नव्हता, ते लपवलं म्हणून क्लेम नाकारता येणार नाही.

दुसरी चिठ्ठी: बिल दोन लाख आणि मिळाले एक लाख वीस हजार. हा बहुतेक वेळा खोलीच्या भाड्याचा प्रताप असतो. पाच लाखांची पॉलिसी, खोलीला एक टक्का म्हणजे दिवसाला पाच हजारांची मर्यादा, आणि आपण घेतली दहा हजारांची खोली. आपल्याला वाटतं, वरचे पाच हजार भरू. पण कंपनी डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, सगळं त्याच प्रमाणात निम्मं करते, कारण खोली महाग तशी रुग्णालयाची बाकीची फीही महाग, असा तिचा हिशोब. २०२० पासून औषधं, शरीरात बसवायची साधनं, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लावता येत नाही. लावली असेल तर बिल घेऊन परत जा.

तिसरी चिठ्ठी, नॉमिनीची. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा. मालक कायदेशीर वारस. २०१५ च्या दुरुस्तीनं हे बदललं. आता आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर पैसा त्यांचाच. ताई, नवऱ्याच्या पॉलिसीवर नॉमिनी तुम्ही असाल आणि रक्कम दुरुस्तीनंतर देय झाली असेल, तर दिरांना हे दाखवा.

त्याच २०१५ च्या दुरुस्तीनं कलम ४५ ही बदललं. तीन वर्षांनंतर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर फसवणुकीसकट कोणत्याही कारणानं प्रश्न नाही. मोठी गोष्ट. पण त्यात एक ओळ आहे, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही: तीन वर्षांच्या आत फसवणुकीचा आरोप झाला आणि विमेदार हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे वारसांनी दाखवायचं. म्हणजे ओझं पुन्हा त्या बाईच्या डोक्यावर! फॉर्ममध्ये एजंटानं काय लिहिलं हे जिनं पाहिलंही नाही, तिच्या.

आणि आता ती शेवटची चिठ्ठी. २००५-०६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं शेतकऱ्यांसाठी अपघात विमा सुरू केला. हप्ता सरकार भरणार, क्लेम विमा कंपनी देणार. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचं नाव मिळालं आणि मृत्यूनंतरची भरपाई दोन लाख झाली. कागदावर सुंदर योजना. प्रत्यक्षात सातबारा, फेरफार, पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा, गाडी असेल तर लायसन्स, आणि एकही कागद कमी पडला की "त्रुटी". आजोबा वारले, सातबाऱ्यावर नाव लागायला उशीर झाला, तेवढ्यात मुलगा अपघातात गेला, की नकार. असे पुष्कळ दावे राज्यातल्या ग्राहक मंचांपुढं गेले. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये सरकारनं विमा कंपन्यांनाच बाजूला केलं. आता अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, निर्णय तहसीलदारांच्या समितीकडे, आणि पैसे थेट सरकारकडून. शॉक लागून आलेला मृत्यू यात बसतो. निफाडच्या भावांनो, तुमचा रस्ता तिकडून जातो. अर्ज लवकर करा.

मग हा विजय झाला का? आम्हाला अजून ठरवता येत नाही. नव्या योजनेच्या नावातच 'सानुग्रह' आहे, म्हणजे कृपा म्हणून दिलेलं. विमा हा करार होता. कंपनीनं नाकारलं तर ग्राहक मंचात उभं राहून "माझा हक्क" म्हणता येत होतं. कृपेशी भांडता येत नाही, विनंती करावी लागते. कागद कमी झाले असतील, तर त्याची किंमत काय मोजली, हेही आपण विचारत राहिलं पाहिजे.

घरी जाताना एवढंच न्या. क्लेमचा निकाल बहुतेक वेळा फॉर्म भरला त्याच दिवशी लागलेला असतो. तो फॉर्म स्वतः वाचा, आजार लिहा, रक्तदाबाची गोळी लिहा, आणि सही करण्याआधी फोटो काढून घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा. पॉलिसी हातात आली की ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्यात ती वाचा. नकार आला तर लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार, महिनाभर वाट, मग पुण्याचे विमा लोकपाल; नाशिक त्यांच्याच कक्षेत येतं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते घेतात, फी नाही, वकील लागत नाही, पण नकारानंतर वर्षाच्या आत जा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, आणि आता आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

शेवटी पैसे घेताना पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करतात. ती तिकिटं आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जातात. त्या पावतीवर "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेलं असेल आणि रक्कम कमी असेल, तर सहीच्या शेजारी "हरकत राखून" एवढे दोन शब्द लिहा.  आता प्रश्न विचारा.