चौघांच्या जबान्या

केरळच्या पोस्टिंगमध्ये सीरियन ख्रिस्ती जवानांशी गप्पा व्हायच्या. त्यांच्या उपासनेत जुनी सिरियाक भाषा अजून टिकून आहे. तिच्या इतिहासात शिरलो आणि तातियान भेटला. असीरियाच्या भूमीतला, रोममध्ये जस्टिनपाशी शिकलेला.

येशूची कथा सांगणारी शुभवर्तमाने चार, आणि चौघांचे सगळे जुळत नाही. योसेफाच्या वडिलांचे नाव मत्तय याकोब सांगतो, लूक एली. येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हुसकावले ते मार्कमध्ये शेवटच्या आठवड्यात, योहानमध्ये अगदी सुरुवातीला. सन 170 च्या सुमारास तातियानने चारही गुंफून एकच सलग कथा केली, ‘दियातेस्सारोन’. वंशावळ्या सरळ गाळल्या. भांडणच नको!

सिरियाक चर्चमध्ये हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. चौथ्या शतकात संत एफ्रेमने भाष्य लिहिले ते यावरच. फौजी मित्रांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपोस या रोमन ठाण्यात 1933 साली अशाच मिश्र कथेचा चर्मपत्रावरचा तुकडा सापडला. ससानियांच्या हल्ल्याच्या भीतीने तटाला आतून मातीचा भराव घातला होता, त्यात तो दबून राहिला. 256 च्या सुमारास ठाणे पडले, तुकडा वाचला.

तातियानच्या पुस्तकाची सोय मला कळते. तरी माझे मत लियाँच्या बिशप आयरेनियसकडे. सन 180 च्या सुमारास त्याने ठासून लिहिले, शुभवर्तमाने चारच, कमी नाहीत, जास्त नाहीत. दिशा चार, वारे चार, म्हणून तीही चार, हा युक्तिवाद लंगडाच. निर्णय मात्र पक्का. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत बसलेल्यांना ठाऊक आहे, प्रत्येक साक्षीदाराची जबानी वेगळी नोंदवतात, तफावतीसकट. चौघे शब्दाशब्दाला एकच बोलू लागले की पढवल्याचा वास येतो. आणि चार जबान्यांची एक केली, तर कोण कुठे उभा राहून पाहत होता हेच पुसले जाते.

पाचव्या शतकात सायरसचा बिशप थिओडोरेट याने आपल्या भागातून दियातेस्सारोनच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. चार आवाज राखायला पाचवा गप्प केला, हे मला आजही खटकते. तातियानचे मूळ पुस्तक आज अखंड मिळत नाही. एफ्रेमचे भाष्य, अरबी भाषांतर असे तुकडे जुळवत अभ्यासक त्याचा अंदाज बांधतात.